मुखत्यारांना पत्र: पुण्याच्या नगरसेवकांसाठी

सन्माननीय नगरसेविका आणि नगरसेवकहो,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लागली आहे. लोखंडी चौकट, हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘यांच्या विशेष प्रयत्नातून नवीन जलवाहिनी’. कोणाच्या प्रयत्नातून ते मी लिहीत नाही. गरजही नाही, कारण अशा पाट्या बाकांवर, बसथांब्यांवर, उद्यानांच्या फाटकांवर, अगदी स्मशानभूमीच्या शेडवरही दिसतात आणि त्या सगळ्याच पक्षांच्या आहेत.

जलवाहिनी आली याचा आनंद मला कुणाहून कमी झालेला नाही. २०१७ मध्ये जी ११ गावे शहरात आली त्यांपैकी एका गावात मी राहते. टँकर आला की निळे ड्रम ढकलत धावणाऱ्या बायकांमध्ये मीही होते. नळाला पहिल्यांदा पाणी आले त्या दिवशी शेजारच्या मावशींनी नळाला हळदकुंकू लावले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. पाटीकडे बघून त्या मला म्हणाल्या, “बाई, भाऊंनी पाणी दिलं. आता त्यांचे उपकार फेडायला नकोत का?”

हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. मावशींच्या मनातली कृतज्ञता खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. मला बोचले ते ‘दिलं’ हे क्रियापद. कारण तेच क्रियापद मी स्वतः ३१ वर्षे मुलांना शिकवले. पूर्व भागातल्या एका शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे, आणि ‘संविधानाने आपल्याला मूलभूत हक्क दिले आहेत’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. आज मी ते वाक्य पुसले असते. संविधानाने आमचे हक्क मान्य केले, त्यांना कवच घातले, ते मोडले तर न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोय केली. हक्क त्याआधीचे आहेत. जे दिले जाते ते देणारा परत मागू शकतो. जे जन्मासोबत आले ते मागणार कोण? मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, ‘जन्मसिद्ध’. टिळकांनी स्वराज्याला हा शब्द लावला तेव्हा सरकारने उदार व्हावे अशी याचना त्यात नव्हती. आमचे आहे ते मिळवणारच, एवढेच होते.

जलवाहिनीसाठीचा अर्ज आमच्या गल्लीतर्फे मीच लिहिला होता. मावशींनी मायना सांगितला, ‘मायबाप सरकारने कृपावंत होऊन’. मी ‘मायबाप’वर काट मारली तर म्हणाल्या, “राहू द्या की बाई. गरिबाला मायबाप म्हटल्याशिवाय कोण विचारतंय?” मी तो शब्द परत लिहिला. तेव्हा वाद घालायचे बळ माझ्यात नव्हते. तो वाद आज तुमच्याशी घालते.

राज्यकर्ता बाप आणि रयत त्याची लेकरे, ही कल्पना काही आपल्याकडचीच नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिल्मर नावाच्या सरदाराने तिच्यावर अख्खा ग्रंथ रचला होता. पहिला मनुष्य आदम, त्याची आपल्या लेकरांवरची सत्ता वारशाने राजांकडे आली, म्हणून राजाला जाब विचारणे म्हणजे बापाला विचारणे, असे त्याचे म्हणणे. लेखकाच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये तो ग्रंथ छापला गेला. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने त्याला उत्तर म्हणून शासनसंस्थेवर दोन निबंध लिहिले, ते १६८९ च्या अखेरीस बाहेर आले. लोक दुसऱ्या निबंधाचीच चर्चा करतात. पहिला सगळाच्या सगळा फिल्मरच्या खंडनात गेला आहे आणि वाचायला जड आहे, पण आपल्या ‘मायबाप’ शब्दाला दिलेले ते सविस्तर उत्तर आहे. लॉक म्हणतो, लेकरांवर आईबापांचा अधिकार असतो तो ती जाणती होईपर्यंत, आणि त्यात आईचा वाटा बापाहून कमी नाही. जाणत्या माणसावर कुणाची सत्ता चालायची तर ती त्याच्या संमतीनेच. जीव, स्वातंत्र्य आणि कष्टाने कमावलेले धन यांवर माणसाचा हक्क सरकार जन्माला येण्याआधीपासून असतो. एकट्यादुकट्याला तो राखता येत नाही, म्हणून माणसे एकत्र येऊन सरकार नेमतात. मग सरकार कोण? विश्वस्त. विश्वास मोडला तर सत्ता जिची होती तिच्याकडे, म्हणजे जनतेकडे, परत.

याच दुसऱ्या निबंधात पाण्याचे उदाहरण आहे. झऱ्याचे वाहते पाणी सगळ्यांचे. ज्याने घड्यात भरले त्याचे ते घडाभर. पण अट अशी, की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे. टँकरच्या रांगेत उभे राहून ज्यांनी शेवटच्या बादलीत तळाचा गाळ घेतला आहे, त्यांना ही अट समजावून सांगावी लागत नाही.

लॉकच्या हातालाही डाग आहेत. गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. १७७६ मध्ये ‘सर्व माणसे समान निर्माण झाली’ असे अमेरिकेच्या जाहीरनाम्यात लिहिणारा जेफरसन गुलामांचा मालक होता. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात ‘माणसाचे हक्क’ आले, बायका राहून गेल्या. एवढे पाहून काही जण म्हणतात की ही सगळी गोऱ्या पुरुषांची सोयीची भाषा. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मला पुण्यात, गंज पेठेत सापडते.

दरवर्षी मी माझ्या वर्गाला फुलेवाड्यात नेत असे. जोतीराव फुले यांनी तरुणपणी इंग्रज लेखक थॉमस पेन याचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. १८७३ साली निघालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. आणि पुढे त्यांनी जे मांडले ते पेनच्याही पुढचे होते. निर्मिकाने, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याने, प्रत्येक माणसाला जन्मतः स्वतंत्र केले आहे, हक्क उपभोगण्याची कुवत सर्वांना सारखी दिली आहे, आणि ‘सर्व’ म्हणताना जोतीराव ‘स्त्री-पुरुष’ असे उच्चारून सांगतात. निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये कोणी दलाल नको, तसा हक्क आणि माणूस यांच्या मध्येही कोणी दाता नको. इतके सोपे.

मुलांना पाण्याची गोष्ट सगळ्यात जास्त आठवत असे. पेशवाईत कात्रजच्या तलावांतून बांधीव नळाने पाणी आणून शहरात हौद भरले गेले. स्थापत्य म्हणून ते काम आजही थक्क करते. पण त्या हौदांवर अस्पृश्यांना घडा बुडवता येत नव्हता. १८६८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. मी मुलांना विचारत असे, त्या दिवशी जोतीरावांनी लोकांना पाणी ‘दिले’ का? खूप चर्चा होई. एका वर्षी वर्गाने ठरवले की ‘अडवलेले सोडले’ असे लिहायचे, आणि मी प्रत्येक वहीत त्या उत्तराला पूर्ण गुण दिले. हेच जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तुम्ही बसता त्या सभागृहाचे ते पूर्वज. त्यांच्या हौदावर कोणाच्या नावाची पाटी असल्याचे मी वाचलेले नाही.

महाडचे चवदार तळे तर नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुले केले होते. त्याआधी, १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला होता. कागदावर हक्क ‘दिला’ गेला आणि तीन वर्षे एक ओंजळही कोणाला पिता आली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह ते पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले, या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नव्हतो. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला जातो आहोत. आपल्या सभेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली, आणि सर्व माणसे जन्मतः समान दर्जाची आहेत असा ठराव तिथे मराठीत झाला. ज्यांना कोणीही काहीही द्यायला तयार नव्हते, त्यांना ‘जन्मतः’ या शब्दाचे मोल कळले. म्हणून ती भाषा सोयीची नाही, फार महागाची आहे.

आता तुमच्याकडे येते.

२ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम मला शाळेत शिकवायच्या पुस्तकात कधीच सापडला नाही, वेगळे वाचन करताना कळला. सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीला ९५ सभासद झाले ते सुमारे ६,००० माणसांच्या वतीने. मतपेटी नव्हती, मतदारयादी नव्हती, राज्य परक्याचे होते. तरी गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एवढे पक्के ठाऊक होते की ज्याच्या हातात लोकांनी सही करून कागद दिला नाही, त्याला लोकांच्या नावाने बोलता येत नाही. सरकारला ते सांगू शकले की आम्ही कोणी उगाच आलेलो नाही.

मुखत्यार म्हणजे काय हे पुणेकराला समजावायला नको. फ्लॅट घेताना किंवा गावाकडची जमीन विकताना आपण सगळ्यांनी कधी ना कधी कुलमुखत्यारपत्र केलेले असते. मुलगा परदेशात असतो, तो बापाला मुखत्यार करतो. बाप त्याच्या वतीने सही करतो, भाडे घेतो, हिशेब ठेवतो. मुखत्यार आपल्या फ्लॅटच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून ‘यांच्या प्रयत्नातून’ असे लिहील का? आणि त्या पत्राची मुदत संपली तर? ७४ व्या घटनादुरुस्तीने म्हटले आहे की सभागृहाची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे. आपल्या शहरात २०१७ चे सभागृह मार्च २०२२ मध्ये संपले आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे लाखो पुणेकरांच्या वतीने खर्च झाला, करार झाले, रस्ते खणले गेले, आणि त्यांतल्या एकाही कागदामागे त्यांची ताजी सही नव्हती. कारणे न्यायालयीन होती, आरक्षणाची होती, मला ती माहीत आहेत. पण त्या चार वर्षांत या गोष्टीचा आम्हाला जितका संताप यायला हवा होता तितका आला नाही. हे मी आम्हा नागरिकांना उद्देशून म्हणते आहे. ज्याला सरकार मायबाप वाटते त्याला मुखत्यारपत्राची मुदत संपल्याचे कळतच नाही, कारण आईबापांची मुदत कधी संपत नसते. आता तुम्ही १६५ जण ताजी सही घेऊन आला आहात.

हक्क सरकारने दिलेले आहेत असे मानले की गोष्ट कुठवर जाते, तेही एकदा पाहू या. आणीबाणीत आपल्याच येरवड्याच्या तुरुंगात कितीतरी माणसे चौकशीशिवाय डांबलेली होती. त्यांना न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने खाजगी वैरातून माणूस मारला तर? डे यांचे उत्तर असे की आणीबाणी आहे तोवर दाद नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य झाले. एकटे खन्ना म्हणाले, संविधानात जीव आणि स्वातंत्र्य राखणारे कलम २१ नसते तरीसुद्धा कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव वा स्वातंत्र्य घेण्याची सत्ता राज्याकडे नसती. बहुमतातल्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, जन्माने पुण्याचे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांपुढच्या खासगीपणाच्या खटल्यात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले की १९७६ चा बहुमताचा निकाल गंभीरपणे चुकलेला होता. जगणे आणि स्वातंत्र्य ही संविधानाची निर्मिती नव्हे, ती माणसाच्या अस्तित्वातच आहेत.

थोरल्या चंद्रचूडांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते. १९८५ मध्ये ते सरन्यायाधीश असताना मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांचा खटला आला. उच्च न्यायालयात त्या लोकांनी कबूल केले होते की पदपथावर झोपडी बांधण्याचा हक्क आम्हाला नाही. पालिकेचे वकील त्यावर बोट ठेवून होते. चंद्रचूडांनी लिहिले, मूलभूत हक्क असे सोडून देताच येत नाहीत, आणि जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क आलाच. झोपड्या हटवायला परवानगी मिळाली, पण पावसाळा संपल्यावर. तुमच्या प्रभागात अतिक्रमणाची गाडी भाजीवालीची पथारी उचलते तेव्हा हा निकाल तुमच्यापैकी कोणाला तरी आठवावा. तिचे ऐकून न घेता तिचा तराजू नेणे हे शिस्तीचे काम नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो. इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमने जन्मसिद्ध हक्कांना निव्वळ बडबड म्हटले होते: कायदा नाही तर हक्क कसला? आमच्या भागातले एक अभियंता मला हेच वेगळ्या शब्दांत म्हणाले. जीव जन्मतः मिळतो, बाई, पण नळ नाही मिळत. त्याला पाइप लागतो, पंप लागतो, चावीवाला लागतो, पैसे लागतात. बरोबर आहे. पाइप हा माझा जन्मसिद्ध हक्क नाही. पण मुठा नदी कोणाच्या प्रयत्नातून आलेली नाही. १८७० च्या दशकात तिच्यावर खडकवासल्याचे धरण झाले, पुढे तिच्या खोऱ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर. डोंगरातले पाणी सरकारने अडवले आणि आपल्या ताब्यात घेतले ते सगळ्यांच्या वतीने, सगळ्यांना पोचवतो म्हणून. आता मावशींनी घडा घेऊन नदीवर जायचे म्हटले तरी शहरातल्या मुठेत पिण्यासारखे पाणी उरलेले नाही. ‘पुरेसे आणि तितकेच चांगले’ ही अट मोडली, ती राज्याने मोडली. ज्याने झरा ताब्यात घेतला त्याच्यावर घडा भरण्याचे कर्ज आहे. तुम्ही पाइप टाकता तेव्हा ते कर्ज फेडत असता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी आणि हवा येतात असे म्हटलेच आहे.

कायदा एकटा पुरत नाही, हेही या शहरातच सांगितले गेले. १८ जानेवारी १९४३ ला न्यायमूर्ती रानडे यांच्या जन्मदिनी गोखले सभागृहात आंबेडकरांचे भाषण झाले. हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या नैतिक जाणिवेने होते, असे त्यांनी तिथे बजावले. समाजच विरोधात असेल तर कुठलीही संसद, कुठलेही न्यायालय ते राखू शकत नाही. मी तुमच्या पाट्यांवर एवढी का अडून बसले आहे, ते या भाषणात आहे. ती नैतिक जाणीव पुस्तकातून जेवढी घडते त्याहून जास्त गल्लीच्या तोंडाशी रोज दिसणाऱ्या अक्षरांतून घडते. माझ्या शाळेतली मुले आठवड्यातून दोन तास नागरिकशास्त्र शिकत होती आणि उरलेला आठवडा तुमच्या पाट्या वाचत होती.

तेव्हा माझे मागणे असे. सभागृहात ठराव आणा की सार्वजनिक पैशातून झालेल्या कामावर लोकप्रतिनिधीचे नाव आणि फोटो लागणार नाही. कामाचा खर्च, ठेकेदार, देखभालीची मुदत आणि तक्रार कोणाकडे करायची हे लिहा. अर्जांच्या छापील नमुन्यांत ‘कृपा’, ‘मेहेरबानी’ हे शब्द जिथे असतील तिथून काढा आणि सरळ ‘मागणी’ लिहा. तुम्ही राबता, रात्री-अपरात्री फोन उचलता, हे मला माहीत आहे. त्याबद्दल लोक तुम्हाला आपणहून मान देतील, आणि तो मान पाटीवर लिहून घेतलेल्या मानापेक्षा खूप मोठा असेल.

आमच्या गल्लीसाठी पाटीचा नवा मजकूर मी लिहिला आहे आणि गेल्या रविवारी सगळ्यांना वाचून दाखवला: ‘मुठेचे पाणी सर्वांचे. ही जलवाहिनी पुणेकरांच्या करातून, पुणेकरांच्या मुखत्यारांनी टाकली.’ मावशींनी ‘मुखत्यार’ म्हणजे काय ते विचारले. मी कुलमुखत्यारपत्राचे सांगितले तेव्हा त्यांना त्यांच्या दिराने केलेला जमिनीचा व्यवहार आठवला आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ठीक आहे, पण खाली एक ओळ टाका बाई. पाणी किती वाजता येणार अन् किती वाजता जाणार, ते लिहा.”

ती ओळ टाकली आहे. वेळ तेवढी तुम्ही भरून द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे